जीन, डीएनए आणि आनुवंशिकता: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्रश्न कुठूनही वाचायला घेतले तरी चालतील. फक्त एक सवय लावून घ्या, कुठल्याही आनुवंशिक कोड्यात अडकलात की आधी विचारायचं, 'इथे कुठलं प्रोटीन बनतंय आणि कुठलं बनत नाहीये?' निम्मा गोंधळ तिथेच मिटतो.

जीन, डीएनए आणि क्रोमोसोम, तीन वेगळ्या गोष्टी की एकच?

पदार्थ एकच, डीएनए. त्याचा एक अखंड लांबलचक धागा म्हणजे एक क्रोमोसोम, आणि त्या धाग्यावरचा एखादा कामाचा तुकडा म्हणजे जीन. माणसाच्या बहुतेक पेशींमध्ये असे ४६ क्रोमोसोम म्हणजे २३ जोड्या असतात, प्रत्येक जोडीतला एक आईकडून आलेला आणि एक वडिलांकडून. गंमत म्हणजे १९५६ पर्यंत हा आकडा ४८ समजला जायचा, पुस्तकांतही तसंच छापलेलं असायचं, मग जो हिन त्जिओ आणि आल्बर्ट लेव्हान यांनी नीट मोजून ४६ सांगितला.

आणि हे सगळं एवढ्याशा पेशीत मावतं कसं?

एका पेशीतले सगळे धागे सरळ करून एकापुढे एक ठेवले तर लांबी साधारण २ मीटर भरते, आणि ते ज्या केंद्रकात बसतात त्याची रुंदी मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहूनही कमी. धागा हिस्टोन नावाच्या प्रोटीनच्या गोळ्यांभोवती गुंडाळलेला असतो, ती गुंडाळी परत गुंडाळलेली, असं करत करत मावतं. ही नुसती जागा वाचवायची युक्ती नाही बरं का, जो भाग घट्ट गुंडाळलाय तो वाचता येत नाही म्हणजे तिथले जीन बंद, आणि सैल भागातले चालू. डोळ्याच्या पेशीत आणि यकृताच्या पेशीत डीएनए तोच असतो तरी दोन्ही पेशी इतक्या वेगळ्या का, त्याचं बरचसं उत्तर या चालू-बंदमध्ये आहे.

लाल रक्तपेशींत मात्र केंद्रकच नसतं. रक्तावरून डीएनए टेस्ट करतात ती पांढऱ्या पेशींवर.

डीएनएचा शोध कोणी लावला? वॉटसन आणि क्रिक ना?

नाही, हा गैरसमज फार आहे. डीएनए हा पदार्थ फ्रीडरिश मिशरने १८६९ मध्ये वेगळा काढला, तोही हॉस्पिटलमधल्या जखमांच्या पट्ट्यांवरच्या पुवातून, कारण पुवात पांढऱ्या पेशी भरपूर मिळायच्या. आनुवंशिक माहिती याच पदार्थात असते हे एव्हरी आणि सहकाऱ्यांनी १९४४ मध्ये दाखवलं. वॉटसन-क्रिकनी १९५३ मध्ये त्याची रचना सांगितली, दोन धाग्यांचा पीळ, आणि त्यात रोझालिंड फ्रँकलिनच्या प्रयोगशाळेतल्या एक्स-रे फोटोचा मोठा हात होता. १९६२ चं नोबेल वॉटसन, क्रिक आणि विल्किन्सना मिळालं, फ्रँकलिन १९५८ मध्येच गेल्या होत्या.

जीन नेमकं करतो काय?

हाच खरा मुद्दा, इथे जरा थांबू.

डीएनएत चार प्रकारचे घटक एकामागे एक लागलेले असतात, ए, टी, जी आणि सी. समोरासमोरच्या दोन धाग्यांत ए समोर टी आणि जी समोर सी, त्यामुळे एक धागा माहीत असला की दुसरा आपोआप कळतो, आणि पेशी विभागताना कॉपी निघते ती याच जोरावर. माणसाच्या एका पूर्ण संचात अशी ३०० कोटींहून जास्त अक्षरं आहेत.

जीनची आधी एक कच्ची कॉपी निघते, तिला आरएनए म्हणतात, आणि ती रायबोसोम नावाच्या यंत्रात तीन-तीन अक्षरांच्या गटाने वाचली जाते. एक गट, एक अमिनो आम्ल. असे ६४ गट होतात, त्यातले ६१ अमिनो आम्लांसाठी आणि ३ 'थांबा' सांगायला. ही सगळी यादी उलगडण्यात हरगोविंद खुरानांचा मोठा वाटा, १९६८ चं नोबेल त्यांना नीरेनबर्ग आणि हॉली यांच्यासोबत मिळालं. अमिनो आम्लांची साखळी घडी घालून बसली की झालं प्रोटीन तयार.

म्हणजे जीनला 'नाक', 'राग' किंवा 'गणित' असलं काही माहीत नसतं. त्याला प्रोटीन माहीत असतं. नाकाचा आकार हा शेकडो प्रोटीनं, पोटातली वाढ, वय अशा सगळ्यातून शेवटी निघालेला हिशोब आहे, म्हणून 'रागाचा जीन सापडला' छाप बातमी दिसली की आधी शंका घ्यायची.

माणूस एवढा गुंतागुंतीचा, मग आपले जीन सगळ्यात जास्त असतील?

अजिबात नाही. प्रोटीन बनवणारे आपले जीन साधारण २०,००० च्या घरात आहेत. मानवी जिनोम (म्हणजे डीएनएचा पूर्ण संच) वाचायचा प्रकल्प १९९० ला सुरू झाला तेव्हा लाखभर निघतील असं बऱ्याच जणांना वाटत होतं. आणि एकूण डीएनएचं म्हणाल तर साध्या कांद्याचा जिनोम आपल्या पाचपट मोठा आहे! (प्रकल्प २००३ ला पूर्ण झाला असं जाहीर झालं खरं पण अवघड तुकडे राहिलेच होते, ते धरून सलग वाचन २०२२ मध्ये छापून आलं.)

प्रोटीन बनवणारा भाग फक्त एक-दोन टक्के, मग बाकी कचरा का?

काही भाग खरंच कशालाही लागत नसावा, त्यावर शास्त्रज्ञांची भांडणं चालूच आहेत. पण उरलेल्यात स्विच आहेत, कुठला जीन कधी, कुठे, किती चालवायचा ते ठरवणारे. चांगलं उदाहरण म्हणजे दूध पचवणं. दुधातली साखर तोडायला लॅक्टेज नावाचं एन्झाइम (रासायनिक काम करणारं प्रोटीन) लागतं, तान्ह्या बाळात ते भरपूर असतं आणि मग जगातल्या बहुतेक माणसांत वयानुसार त्याचा जीन मंदावतो. काहींच्यात मात्र तो आयुष्यभर चालू राहतो आणि त्यांना मोठेपणीही दूध सोसतं. आता या दोन माणसांचा लॅक्टेजचा जीन बघितला तर प्रोटीनच्या बाबतीत सारखाच! फरक आहे तो थोडा अलीकडे, शेजारच्या दुसऱ्याच एका जीनच्या आत लपलेल्या स्विचमध्ये, एका अक्षराचा.

मेंडेलचे वाटाणे शाळेत पाठ केले होते, पण गोल वाटाणा सुरकुतलेल्यावर 'प्रभावी' का ते कोणी सांगितलंच नाही.

मेंडेललाही माहीत नव्हतं, त्यामुळे शाळेला माफ करू. त्याने १८६६ मध्ये छापलेल्या आकड्यांत दुसऱ्या पिढीत ५,४७४ गोल आणि १,८५० सुरकुतलेले बी आहेत, म्हणजे जवळजवळ तीनास एक. १९०० पर्यंत त्याकडे फारसं कोणी बघितलं नाही, आणि सुरकुत्यांमागचं कारण कळायला तर १९९० उजाडलं.

कारण असं आहे. वाटाण्यात स्टार्चला फांद्या फोडणारं एक एन्झाइम असतं. सुरकुतलेल्या जातीत त्या एन्झाइमच्या जीनमध्ये सुमारे ८०० अक्षरांचा एक परका तुकडा येऊन घुसलाय, त्यामुळे धड एन्झाइम बनत नाही. स्टार्च कमी होतं, साखर साठून राहते, साखरेमुळे बी पाणी जास्त ओढतं आणि फुगतं, आणि मग वाळताना ते पाणी गेलं की साल सैल पडून सुरकुत्या. क्रोमोसोम जोडीने असतात म्हणून प्रत्येक जीनही दोन-दोन. आता ज्या रोपात एक जीन चांगला आणि एक बिघडलेला, तिथे चांगल्याकडून पुरेसं एन्झाइम बनतं आणि बी गोलच राहतं, असा एकट्यानेही दिसणारा गुण म्हणजे 'प्रभावी'. एवढंच. गोलवाल्या जीनने सुरकुत्यावाल्याला दाबलं-बिबलं काही नाही, एकाच्या कमाईवर घर चालतंय म्हणून दुसरा बेकार आहे हे बाहेर दिसत नाही.

म्हणजे प्रभावी जीन जास्त ताकदवान किंवा जास्त लोकांत असतो असं नाही?

नाही. ओ रक्तगट अप्रभावी आहे तरी जगात सगळ्यात जास्त लोकांचा तोच. उलट हंटिंग्टन नावाचा मेंदूचा आजार प्रभावी आहे पण दुर्मीळ. तिथे बिघडलेलं प्रोटीन स्वतःच त्रास देतं, त्यामुळे दुसरा जीन चांगला असून उपयोग होत नाही, आणि आईवडलांपैकी एकाला असला की प्रत्येक मुलाला ५० टक्के शक्यता.

आईवडील दोघं ठणठणीत, घराण्यात कोणाला नाही, तरी मुलाला आनुवंशिक आजार कसा?

कारण दोघंही कॅरियर असू शकतात, म्हणजे स्वतः ठणठणीत पण एक बिघडलेला जीन बाळगणारे. थॅलेसेमिया घ्या, हिमोग्लोबिनच्या प्रोटीनचा एक जीन बिघडलेला आणि एक चांगला असला तर माणूस आयुष्यभर बिनघोर राहतो, फार तर थोडं हिमोग्लोबिन कमी. असे दोघं एकत्र आले तर प्रत्येक मुलाला दोन्ही बिघडलेले मिळण्याची शक्यता २५ टक्के, एकच मिळून कॅरियर होण्याची ५० टक्के आणि दोन्ही चांगले मिळण्याची २५ टक्के.

यातली 'प्रत्येक मुलाला' ही गोष्ट लोक हमखास विसरतात. चारातल्या एकाला होणार आणि पहिल्याला झालाय म्हणजे पुढची तीन सुटली असा हिशोब मांडतात, तो चूक आहे, प्रत्येक वेळी शक्यता नव्याने तीच २५ टक्के. आणि पहिली दोन मुलं छान निघाली म्हणून तिसऱ्याची शक्यता वाढत पण नाही. घराण्यात कोणालाच नसण्याचं कारणही हेच, बिघडलेला जीन पिढ्यान्‌पिढ्या एकेकट्याने पुढे जात राहतो आणि कोणाला पत्ता लागत नाही. लग्नाआधी किंवा मूल होऊ देण्याआधी दोघांच्या रक्ताची तपासणी केली तर थॅलेसेमियाचे कॅरियर कळतात, साधी तपासणी आहे, लाजण्यासारखं त्यात काही नाही.

आईचा रक्तगट ए, वडिलांचा बी आणि मुलाचा ओ. गडबड आहे का?

काही गडबड नाही. रक्तगटाचा जीन एक एन्झाइम बनवतो आणि ते एन्झाइम लाल पेशीवरच्या साखळीला एक साखर चिकटवतं. ए प्रकारचा जीन एक साखर लावतो, बी दुसरी लावतो, आणि ओ मध्ये एन्झाइम निकामी असल्याने काहीच लागत नाही. आई ए-ओ आणि वडील बी-ओ असले तर मुलाला दोन्हीकडून ओ येऊ शकतो. याच जोडप्याला ए, बी, एबी आणि ओ अशी चारही गटांची मुलं होऊ शकतात.

मग ओ गटाच्या माणसाला एबी मूल झालं तर? नेहमीच्या नियमात बसत नाही, पण तरी लगेच कोणावर आरोप करायची घाई नको. बॉम्बे ब्लड ग्रुप नावाचा प्रकार असतो, १९५२ मध्ये डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांनी नोंदवलेला. या लोकांत ती साखर जिथे चिकटायची ती मूळ साखळीच पूर्ण होत नाही, कारण ती पूर्ण करणारं वेगळं एन्झाइम नसतं. त्यामुळे ए किंवा बी चा जीन शाबूत असूनही टेस्टमध्ये माणूस ओ दिसतो, आणि तो लपलेला जीन मुलात मात्र उघडा पडतो. अशा माणसाला साधं ओ रक्तही चालत नाही, बॉम्बेच लागतं, म्हणून हे माहीत असणं जिवाच्या मोलाचं आहे.

मुलगा होणार की मुलगी हे कोणावर ठरतं?

वडिलांच्या शुक्राणूवर. २३ जोड्यांतली एक जोडी लिंग ठरवते, तिच्यातल्या क्रोमोसोमना एक्स आणि वाय म्हणतात. बाईत दोन एक्स, पुरुषात एक एक्स आणि एक वाय, त्यामुळे आईकडून कायम एक्स येतो, वडिलांकडून एक्स किंवा वाय. वायवरचा एसआरवाय नावाचा जीन (१९९० मध्ये सापडला) पुरुष होण्याची वाट सुरू करतो. मुलगी झाली म्हणून बाईला बोल लावणाऱ्यांना हे कितीदा सांगायचं कोण जाणे.

रंगांधळेपणा पुरुषांतच जास्त का दिसतो?

लाल आणि हिरवा प्रकाश ओळखणाऱ्या प्रोटीनांचे जीन एक्स क्रोमोसोमवर शेजारी शेजारी आहेत. पुरुषाकडे एक्स एकच, तो बिघडला की भागलं. बाईकडे दोन, एक चांगला असला की बहुतेक वेळा निभावतं. युरोपीय वंशाच्या लोकांत साधारण ८ टक्के पुरुष रंगांधळे असतात, मग बाईचे दोन्ही एक्स बिघडलेले असण्याची शक्यता ८ टक्क्यांचे ८ टक्के, म्हणजे ०.६४ टक्के, आणि प्रत्यक्षात आढळतात अर्धा टक्क्याच्या आसपास. कागदावरचं गणित इतकं जवळ येतं हे मला फार आवडतं.

वडील रंगांधळे असले तर मुलाला त्यांच्याकडून हा दोष येत नाही कारण मुलाला त्यांचा एक्स मिळतच नाही. मुली मात्र सगळ्या कॅरियर, आणि मग नातवात परत दिसू शकतो.

एकाच आईबापाची भावंडं एवढी वेगळी कशी?

स्त्रीबीज किंवा शुक्राणू बनताना २३ जोड्यांतला प्रत्येकी एकच क्रोमोसोम पुढे जातो, कुठला ते नशिबावर. नुसत्या या निवडीचे प्रकार होतात २ चा २३ वा घात, म्हणजे ८३,८८,६०८. हो, जवळजवळ ८४ लाख! योनींच्या हिशोबाशी जुळतंय म्हणून कोणी त्याचा फॉरवर्ड करू नका, निव्वळ योगायोग आहे. त्यावर आणखी जोडीतले दोन क्रोमोसोम एकमेकांशी तुकड्यांची अदलाबदल करतात, म्हणजे आजीकडून आणि आजोबांकडून आलेले भाग एकाच धाग्यावर मिसळून जातात. त्यामुळे एकाच बीजापासून झालेली जुळी सोडली तर तुमच्यासारखं दुसरं भावंड होण्याची शक्यता शून्यच समजा.

सख्खी भावंडं सरासरी ५० टक्के डीएनए वाटून घेतात, पण ती सरासरी आहे, प्रत्यक्ष मोजलं तर ३७ पासून ६२ टक्क्यांपर्यंत जोड्या सापडल्यात.

मग आईवर जास्त जातो की वडिलांवर?

केंद्रकातलं जवळजवळ निम्मं निम्मं. पण मायटोकॉन्ड्रियाचा (पेशीला ऊर्जा पुरवणारा, केंद्रकाबाहेरचा भाग) स्वतःचा छोटा डीएनए असतो, १६,५६९ अक्षरं आणि ३७ जीन, तो फक्त आईकडून येतो. मुलग्यात तर एक्स पण आईचा आणि वाय त्यापेक्षा बराच लहान, त्यामुळे काट्यावर तोललं तर मुलाकडे आईचा माल किंचित जास्तच. आणखी एक, मुलीच्या शरीरातली बीजं ती स्वतः आईच्या पोटात असतानाच तयार होतात, म्हणजे ज्या बीजापासून तुम्ही झालात त्याची सुरुवात तुमची आई आजीच्या पोटात असताना झाली होती.

उंची, रंग, बुद्धी यांचा जीन कुठला?

एक जीन नाहीच. २०२२ मध्ये ५० लाखांहून जास्त लोकांचा डीएनए तपासून उंचीशी संबंध असलेल्या सुमारे १२,००० जागा सापडल्या, प्रत्येकीचा परिणाम चिमूटभर. उंची ८० टक्के आनुवंशिक असं ऐकलं असेल, त्याचा अर्थ तुमच्या उंचीतले ८० टक्के सेंटीमीटर जीनने दिले असा नाही. एखाद्या लोकसंख्येत माणसा-माणसांत जो फरक दिसतो त्यातला किती भाग जीनमधल्या फरकाने समजावता येतो, एवढंच तो आकडा सांगतो. त्याच लोकांत निम्म्यांना लहानपणी पोटभर खायला मिळालं नाही तर आकडा बदलेल, जीन तेच असूनही. बुद्धीच्या बाबतीत तर मोजायचं काय इथपासून वाद आहेत.

म्युटेशन म्हणजे वाईटच ना?

म्युटेशन म्हणजे नुसता बदल. आपल्या प्रत्येकात ६०-७० असे नवे बदल असतात जे आईत नव्हते, वडिलांत नव्हते, बहुतेक निरुपद्रवी. वडिलांचं वय जास्त असलं की थोडे जास्त, कारण शुक्राणू बनवणाऱ्या पेशी आयुष्यभर विभागत असतात.

आणि वाईट-चांगलं जागेवरही ठरतं. सिकलसेलमध्ये हिमोग्लोबिनच्या एका साखळीच्या जीनमधलं फक्त एक अक्षर बदललंय, ए च्या जागी टी. त्यामुळे सहाव्या जागी वेगळं अमिनो आम्ल बसतं आणि ऑक्सिजन कमी झाला की हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना चिकटून लांब काड्या होतात, पेशी कोयत्यासारखी वाकते. दोन्ही जीन तसे असले तर भयंकर वेदना. पण एकच असला तर गंभीर मलेरियापासून बरंच संरक्षण मिळतं, हे ॲन्थनी ॲलिसन यांनी १९५४ मध्ये दाखवलं. मलेरियाच्या भागांत हा जीन टिकून का राहिला याचं उत्तर तेच.

बापाने व्यायाम करून कमावलेलं शरीर मुलाला मिळतं का?

नाही. वाइसमान या जर्मन जीवशास्त्रज्ञाने १९ व्या शतकात पाच पिढ्या उंदरांच्या शेपट्या कापून बघितल्या, ९०० च्या वर पिल्लं झाली, सगळी शेपटीवाली. दंडाच्या पेशीत काय झालं ते शुक्राणूला कळत नाही. एपिजेनेटिक्समुळे (अक्षरं तीच ठेवून जीन चालू-बंद होण्यातले बदल) याला काही बारीक अपवाद निघतात असं म्हणतात, पण प्राण्यांतल्या निष्कर्षांवरून माणसांबद्दल केलेले बरेचसे दावे मला तरी घाईचे वाटतात.

जुळ्यांचा डीएनए सारखा, मग बोटांचे ठसे?

एकाच बीजापासून झालेल्या जुळ्यांचा डीएनए जवळजवळ सारखा, ठसे मात्र वेगळे, कारण पोटातली जागा, दाब, वाढीचा वेग यावर ते ठरतात. दोन बीजांची जुळी म्हणजे एकाच वेळी जन्मलेली साधी भावंडं.

जवळच्या नात्यात लग्न केलं तर मुलं आजारीच होतात?

'आजारीच' नाही. सख्ख्या चुलत-मावस भावंडांत सरासरी १२.५ टक्के डीएनए सामाईक असतो, त्यामुळे दोघांकडे एकच बिघडलेला जीन असण्याची शक्यता वाढते. जन्मजात दोषाची शक्यता इतर जोडप्यांत २-३ टक्के धरली तर अशा जोडप्यांत ती साधारण दुप्पट होते. म्हणजे बहुतेक मुलं निरोगीच, पण धोका खरा आहे, आणि घराण्यात असा आजार आधी झाला असेल तर जेनेटिक काउन्सेलरला भेटल्याशिवाय पुढे जाऊ नये.

टेस्ट केली की पुढे कुठला आजार होणार ते कळतं?

सिकलसेल, हंटिंग्टन अशा एका जीनच्या आजारांत बऱ्यापैकी. डायबेटिस, ब्लडप्रेशरमध्ये फक्त कल कळतो, आणि वजन, झोप, सिगारेट यांच्याकडे बघून डॉक्टरही बरंच सांगू शकतात.

बिघडलेला जीन दुरुस्त करता येतो का?

काही बाबतीत आता येतो. क्रिस्पर नावाची डीएनए कापणारी कात्री २०१२ मध्ये पुढे आली, त्यासाठी शार्पाँतिए आणि डाउडना यांना २०२० चं नोबेल मिळालं, आणि २०२३ च्या शेवटी त्यावरचा पहिला उपचार सिकलसेलसाठी मंजूर झाला. गंमत अशी की त्यात ते चुकलेलं अक्षर दुरुस्त करतच नाहीत. बाळ पोटात असताना वेगळं हिमोग्लोबिन वापरतं, जन्मानंतर एक प्रोटीन ते बंद करतं. पेशंटच्या रक्ताच्या मूळ पेशी बाहेर काढून त्यांत या बंद करणाऱ्या प्रोटीनचा स्विच तोडतात, केमोथेरपीने अस्थिमज्जा रिकामी करतात आणि त्या पेशी परत सोडतात. मग बाळाचं हिमोग्लोबिन पुन्हा सुरू होतं आणि काम भागतं. बदल फक्त रक्ताच्या पेशींत असल्यामुळे हा पेशंट बरा झाला तरी त्याच्या प्रत्येक मुलाला सिकलसेलचा एक जीन जाणारच, तेव्हा जोडीदाराची तपासणी त्यालाही चुकत नाही.